देवाला दिलेला शब्द कसा पाळावा: बोलण्याआधी, बोलल्यावर आणि मोडल्यावर

बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालू होती त्या रात्री मी रुग्णालयाच्या जिन्यावर बसून देवाला शब्द दिला. बाबांना वाचव, मी आयुष्यभर दर शनिवारी आजाऱ्यांच्या भेटीला जाईन. बाबा वाचले. मी सात शनिवार गेले. आठव्याला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, नवव्याला पाऊस, दहाव्याला स्वतःला म्हटलं की पुढच्या महिन्यापासून नीट सुरू करू. तो पुढचा महिना काही आला नाही. आणि शनिवार चुकू लागले तशी माझी रोजची प्रार्थनाही आखडत गेली. ज्याचे पैसे थकलेत त्याच्या दुकानावरून जाताना माणूस मान खाली घालून चालतो, तशी मी रविवारी चर्चमध्ये बसायचे.

देवाला दिलेले शब्द आपण बहुतेक वेळा मुद्दाम मोडत नाही. ते पुढे ढकलले जातात, मग विसरले जातात, आणि मग त्यांची आठवण नको म्हणून आपण देवालाच टाळू लागतो. हे टाळण्यासाठी काय करायचं, ते मी जसं शिकले तसं इथे सांगते.

आपल्याकडच्या काही ख्रिस्ती घरांत ‘नवस’ हा शब्द उच्चारला तरी लोक बिचकतात. पण आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे. बेथेलला दगड उशाला घेऊन झोपलेल्या याकोबाने नवस केला, मूल नसलेल्या हन्नाने मुलगा झाला तर तो देवालाच देईन असा नवस केला, आणि ११६ व्या स्तोत्रात सर्व लोकांसमोर नवस फेडण्याची गोष्ट दोनदा येते. नवस म्हणजे देवाला दिलेली लाच, असं समजून जो बोलतो त्याचं चुकतं. देवाची कृपा विकत मिळत नाही, आणि बाबा माझ्या सात शनिवारांच्या किमतीवर वाचले नाहीत. आपण शब्द देतो तो उतराई होण्यासाठी. मनात हे स्पष्ट नसेल तर पुढची कुठलीही पायरी उपयोगाची नाही, कारण मग शब्द पाळणं म्हणजे हप्ते भरणं होतं, आणि हप्ते भरणारा माणूस सावकारावर प्रेम करत नाही.

आधी जुने शब्द वहीत उतरवा

नवीन काही बोलायच्या आधी एक वही घ्या, साधी शाळेची. एका संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा आणि आजवर देवाला काय काय म्हणालात ते आठवेल तसं लिहा. सुरुवात मोठ्या गोष्टींपासून करा. बाप्तिस्मा आणि दृढीकरण. लग्नाच्या वेळी वेदीसमोर म्हटलेलं वाक्य. मुलांच्या बाप्तिस्म्याला उभं राहून दिलेलं उत्तर, की या लेकराला प्रभूच्या शिक्षणात वाढवू. लग्नाची शपथ आपण नवऱ्याला किंवा बायकोला दिली एवढंच लक्षात ठेवतो, पण ती देवाला साक्षी ठेवून दिलेली असते. तेव्हा घरातलं रोजचं बोलणंही या वहीत येतं.

मग छोटे शब्द. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ठरवलेलं पूर्ण पवित्र शास्त्राचं वाचन, जे दर वर्षी लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी थांबतं. दहावीच्या निकालाआधीचा शब्द. प्रसूतीच्या खाटेवरचा. कर्जाचा हप्ता चुकला त्या रात्रीचा. कुणाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ म्हटलं आणि केली नाही, तेही. माझी यादी लिहून झाली तेव्हा २३ ओळी भरल्या होत्या. मी ती बघून रडले.

यादी झाली की लगेच काही करू नका. एक रात्र जाऊ द्या.

मग प्रत्येक ओळीसमोर खूण करा

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळ वाचा आणि ठरवा, हा खरंच दिलेला शब्द होता की नुसती इच्छा. ‘मी रोज पहाटे उठून प्रार्थना केली तर किती बरं’ हा नवस नाही. ‘प्रभू, मी उठेन’ म्हटलं असेल तर तो शब्द आहे. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २३ वा अध्याय सांगतो की नवस न करण्यात पाप नाही, पण तोंडातून जे निघालं ते पुरं करायचं. म्हणजे न बोलायची मोकळीक आपल्याला होती. बोललो ते आपण होऊन.

काही ओळी तिसऱ्याच प्रकारच्या निघतात, आणि तिथे घाई करू नये.

पहिली, ज्यात पाप किंवा अन्याय आहे. ‘त्या भावाचं तोंड पुन्हा बघणार नाही, देवाशपथ’ हा शब्द पाळायचा नसतो, त्याबद्दल क्षमा मागायची असते. शौल राजाने लढाईच्या दिवशी कुणी अन्न खाऊ नये अशी शपथ घातली. योनाथानाला ती ठाऊक नव्हती, त्याने काठीच्या टोकाने मध चाखला, आणि बाप लेकाला मारायला निघाला. लोकांनी मध्ये पडून योनाथानाला वाचवलं. लोकांनी केलं ते योग्यच होतं. अविचाराने घेतलेल्या शपथेसाठी लेवीयच्या ५ व्या अध्यायात पाप कबूल करण्याची आणि अर्पणाची वाट सांगितली आहे, म्हणजे असा प्रसंग माणसावर येणार हे नियमशास्त्रानेच धरून चाललं आहे.

दुसरी, ज्यात दुसऱ्याचा हक्क मारला जातो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात येशू ‘कुर्बान’ म्हणणाऱ्यांवर रागावतो. आईबापाला द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून सांगायचं आणि त्यांना उपाशी ठेवायचं. आईच्या औषधाचे पैसे चर्चच्या बांधकामाला लिहून दिले असतील, तर आधी औषध. यावर माझ्या मनात शंका नाही.

तिसरी, ज्यात माणूसच आपला नाही. ‘मुलगा झाला तर त्याला पाळक करीन’ असं म्हटलेल्या कितीतरी आया आहेत. मुलगा आता २२ वर्षांचा, त्याला मोटर मेकॅनिक व्हायचंय, आणि आई रात्ररात्र जागते. कॅथलिक मंडळीचा कायदा याबद्दल स्पष्ट आहे: नवस ज्याने केला त्यालाच बांधतो. प्रॉटेस्टंट पाळकही साधारण हेच सांगतील. मग हन्नाचं काय? हन्नाने शमुवेलाचं दूध तोडलं, त्याला शिलोच्या मंदिरात नेलं, एली याजकाच्या हाती दिलं, म्हणजे आईच्या हातात जे होतं ते केलं. पण रात्री परमेश्वराने हाक मारली तेव्हा ‘बोल’ म्हणणारा शमुवेलच होता. तुमच्या हातात आहे ते तुम्ही करा. त्याला प्रार्थनेत वाढवा, सेवेची ओळख करून द्या, दार उघडं ठेवा. त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. आणि गॅरेजमध्ये प्रामाणिकपणे काम करणारा मुलगा देवाचा नाही, असं कुणी सांगितलं?

भीतीच्या भरात बोललेल्या शब्दाचं काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. २ जुलै १५०५ ला २१ वर्षांचा मार्टिन लूथर, ज्याच्यापासून पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली, जर्मनीतल्या एरफुर्टजवळ वादळात सापडला, वीज जवळ पडली, आणि वाचलो तर संन्यासी होईन असं तो संत ॲनाला म्हणाला. १७ जुलैला तो मठात दाखलही झाला. पुढे १५२१ मध्ये त्यानेच लिहिलं की तो शब्द मृत्यूच्या भयाने वेढलेल्या माणसाचा होता. तरीही मी एवढंच म्हणेन की भीतीत बोललो म्हणून शब्द आपोआप रद्द होत नाही. योना संदेष्टा नवस फेडीन असं माशाच्या पोटातून बोलला, ती जागा काही शांत नव्हती. असा शब्द एकट्याने खोडायचा नाही आणि एकट्याने ओढायचाही नाही. तो घेऊन कुणाकडे तरी जायचं, त्याबद्दल पुढे सांगते.

नवीन शब्द देताना

उपदेशक या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात सांगितलं आहे की देवासमोर तोंड उघडायला उतावीळ होऊ नको. मी याचा सरळ नियम केला आहे: मनात आल्यावर एक रात्र आणि एक सकाळ. सकाळी चहा झाल्यावरही तेच म्हणावंसं वाटलं तर म्हणा. संमेलनात शेवटचं गीत चालू असताना, ‘कोण कोण उभं राहील?’ असं विचारल्यावर उभं राहण्यात काही वाईट नाही, पण त्या क्षणी मनात एवढंच म्हणा की प्रभू, उद्या सकाळी तुझ्याशी बोलते.

त्यानंतर तो शब्द लहान करा. इस्राएलचा सेनापती इफ्ताह याने लढाईत विजय मागताना म्हटलं की परत आल्यावर घराच्या दारातून जे कोणी मला सामोरं येईल ते परमेश्वराचं. दारातून त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवत, नाचत आली. त्याच्या शब्दाला माप नव्हतं, कोरा कागद सही करून दिला होता. आपणही ‘सगळं’, ‘कायम’, ‘आयुष्यभर’, ‘कधीच नाही’ असे कोरे कागद देतो.

माझा जुना शब्द होता: आयुष्यभर दर शनिवारी आजाऱ्यांच्या भेटीला जाईन. नवा असा लिहिला: ‘१ जानेवारी ते ३० जून, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, दुपारी ४ ते ५, सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात. परवानगी सिस्टरकडून घ्यायची. कुणी नको म्हटलं तर प्रार्थना मनात. शनिवार चुकला तर पुढच्या मंगळवारी भरून काढायचा.’ कधी, कुठे, किती, कुठवर, आणि चुकलं तर काय, हे पाच प्रश्न त्यात आहेत. पाचवा लिहायला सगळे विसरतात, आणि शब्द मोडतो तो नेमका तिथेच.

लिहिलं की त्याच दिवशी घरात सांगा. गणना या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात, घरच्या कर्त्याने बाईचा नवस ऐकला त्याच दिवशी हरकत घेतली तर तो रद्द, गप्प राहिला तर कायम, असा नियम आहे. आपलं घर आता त्या काळासारखं नाही. मी तो दोन्ही बाजूंनी लावते: नवऱ्याने बायकोला सांगावं, बायकोने नवऱ्याला. माझ्या शनिवारच्या तासाला घरी भाकरी कोण करणार, हे ठरल्याशिवाय तो तास माझा नव्हताच. पैशाचा शब्द असेल तर हे दुप्पट लागू. दोघांच्या कमाईतून एकट्याने नवस करू नये.

आणि वचनाला ‘देवाशपथ’ चिकटवू नका. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. काही ख्रिस्ती मंडळी या वचनावरून नवस करूच नये असं मानतात. त्यांचा मी आदर करते. त्यांनीही वही ठेवावी, कारण ‘होय’ म्हटलेलं त्यांनाही पाळायचं आहेच.

शब्दाला घरातल्या एखाद्या कामाशी बांधा

मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांकडून मी हे शिकले. तिथे १९१० पासून ‘बुहफाई थाम’ ही रीत चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना बाई दर वेळी एक मूठ बाजूला ठेवते. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही, कारण चूल पेटली की मूठ आपोआप निघते. गरीब बाईलाही जमतं.

मी तसंच केलं. कणीक मळायच्या परातीशेजारी एक जुना बोर्नव्हिटाचा डबा ठेवला. सकाळी पिठाचा डबा उघडला की एक मूठ त्यात. आपल्याकडे पीठ फार दिवस टिकत नाही, पावसाळ्यात तर आठवड्यात जाळी धरते, म्हणून दर रविवारी ते गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे जातं. पहिल्या महिन्यात मी चार वेळा विसरले. मग डब्याचं झाकण काढून टाकलं, उघडा डबा डोळ्यांत खुपतो. तेव्हापासून फारसं चुकलं नाही.

प्रार्थनेचा शब्द चहाच्या आधणाशी बांधा, वाचनाचा रात्रीच्या औषधाच्या गोळीशी, उपवासाचा एका ठरलेल्या जेवणाशी. लोकलने जाणाऱ्यांनी स्टेशन ठरवावं: अमुक स्टेशनपासून अमुक स्टेशनपर्यंत मध्यस्थीची प्रार्थना. मधुमेह असेल, गरोदर असाल, तर उपवासाचा शब्द डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. टीव्ही, मोबाईल किंवा आवडीचा पदार्थ सोडणं हाही उपवासच आहे.

पैशाच्या शब्दात हिशेब आधीच ठरवा. दशमांश म्हटलं तर हातात पडणाऱ्या पगाराचा की कपातीआधीच्या? १८,००० हातात येत असतील तर १,८००, आणि ते पगार जमा झाला त्याच दिवशी वेगळे. महिनाअखेरीला उरेल ते देवाला, असं ठरवलं की काही उरत नाही. शेतकऱ्याने उसाच्या बिलावर द्यायचं की खत-मजुरी वजा करून, हे बिल येण्याआधी वहीत लिहावं, नाहीतर बिल हातात आल्यावर मन रोज नवा हिशेब मांडतं.

देतो म्हटलेला आकडा चारचौघांत सांगायची गरज नाही. पहिल्या मंडळीतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोवर जमीन विकायची सक्ती नव्हती, विकल्यावर पैसे त्यांचेच होते, हे प्रेषित पेत्राने सांगितलं. थोडं देऊन सगळं दिलं असं दाखवलं, तिथे ते घसरले.

मोडला तर

माझ्या २३ ओळी घेऊन मी आमच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंकडे गेले. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्या लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, रडलेही. त्यांनी विचारलं, “किती शनिवार गेलीस?”

“सात.”

“मग या शनिवारी आठवा.”

मी म्हटलं, “मावशी, दीड वर्ष झालं.”

“हो, आणि ते आयुष्यभर हे काढून टाक. उद्याचा दिवस आपल्या हातात आहे का? तो कसा देऊन बसलीस?”

यापेक्षा चांगला सल्ला मला कुठे मिळालेला नाही. मोडलेल्या शब्दाला दुप्पट करून भरपाई करू नका. एक महिना वाचन चुकलं म्हणून रोज दहा अध्याय, असं ठरवलं की तिसऱ्या दिवशी तेही मोडतं. जिथे थांबलात तिथून पुढचा एक दिवस.

पण आधी कबुली. नाव घेऊन, मोघम नको. ‘माझ्या चुका माफ कर’ यापेक्षा ‘प्रभू, मी शनिवारी जाईन म्हटलं आणि गेले नाही’ हे बोलायला जड जातं, म्हणूनच ते बोलायचं. आपण पाप कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. तिथे विश्वासू कोण आहे ते बघा.

याकोबाचंही असंच झालं होतं. बेथेलला शब्द दिला, वीस वर्षं मामाकडे राहिला, धनधान्य घेऊन कनान देशात परतला, आणि बेथेलला न जाता शखेमाजवळ जमीन विकत घेऊन राहिला. तिथे त्याच्या घरावर मोठं संकट आलं. त्यानंतर उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात देव त्याला म्हणतो, ऊठ, बेथेलला जा. जुन्याचा हिशेब मागितला नाही, वाट सांगितली. याकोबाने घरातल्या परक्या मूर्ती काढायला लावल्या, कपडे बदलायला लावले आणि निघाला.

परिस्थिती बदलली म्हणून शब्द पाळणं अशक्य झालं असेल, तर पाळकसाहेबांकडे किंवा फादरांकडे जा. लेवीयच्या २७ व्या अध्यायात माणूस देवाला वाहण्याच्या नवसाचे दर दिले आहेत, २० ते ६० वर्षांच्या पुरुषाला ५० शेकेल चांदी, स्त्रीला ३०. आणि लगेच आठव्या वचनात म्हटलं आहे की नवस करणारा गरीब असेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. चर्चच्या बांधकामाला २५,००० लिहून दिले आणि नोकरी गेली, तर खजिनदाराला तोंड चुकवत फिरू नका. जाऊन सांगा की महिन्याला ५०० देऊ शकतो.

कॅथलिकांसाठी मंडळीच्या १९८३ च्या कायद्यात याची नीट सोय आहे. योग्य कारण असेल आणि दुसऱ्या कुणाचा हक्क बुडत नसेल, तर धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू खाजगी नवसातून मोकळं करू शकतात. तेवढ्याच किंवा अधिक चांगल्या गोष्टीत तो नवस माणूस स्वतःही बदलू शकतो. कुणी अन्यायाने मोठा धाक घालून वदवून घेतलेला नवस तर मुळात ग्राह्यच नाही. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय आणि घरं वाहणाऱ्या, किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जायचं बोललेल्या ज्या म्हाताऱ्यांचे आता गुडघे साथ देत नाहीत, त्यांना हे घरच्यांनी मुद्दाम सांगावं. कित्येक जण ते ओझं मनात घेऊनच जातात.

माणसाशी बिघडलं असेल तर तेही आधी. वेदीजवळ आल्यावर भावाचं काही आपल्याविरुद्ध आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला येशूने सांगितलं. नवस फेडायला निघताना मी वाटेत नणंदेला फोन केला. साखरपुड्यावरून मनात धरलं होतं, ते बोलून टाकलं.

पूर्ण झाल्यावर

शब्दाची मुदत संपली की तो बंद करा. उघडा ठेवला की पुढे चुकणारा प्रत्येक दिवस मोडल्यासारखा वाटतो. वहीत तारीख घाला, ‘फेडला’ असं लिहा, घरच्या माणसांना जेवणाच्या वेळी एकत्र बसवून ११६ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. नवा शब्द लगेच देऊ नका, निदान एक आठवडा जाऊ द्या. मेथडिस्ट मंडळ्यांत जॉन वेस्लीने १७५५ मध्ये सुरू केलेली कराराची उपासना नवीन वर्षाच्या सुमारास होते, त्यात सगळे मिळून देवाशी आपला करार नव्याने म्हणतात. तसं वर्षातून एकदा आपली वही उघडून बसायला ती वेळ बरी.

हन्नाचा नवस शमुवेलाला एलीकडे सोडलं तेव्हाच पुरा झाला होता. तरी ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. वर्षभर मुलगा समोर नाही, तेव्हा मापाचा अंदाज ती मनानेच घेत असेल. हा झगा नवसात बोललेला नव्हता.

३० जूनला माझ्या पानावर तारीख पडली. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता मी घरी होते. बाबा खुर्चीतून उठले, चपला घातल्या, पेजेचा डबा पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “चल, त्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंना विचारायचं होतं ना?”